रूझवेल्ट यांचा रक्तदाब आणि आपला

१२ एप्रिल १९४५. डोक्यात मागच्या बाजूला भयंकर दुखतंय, असे सांगून अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट कोसळले. रक्तदाब ३००/१९० होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी ते गेले. वय अवघे ६३.

जगाला हा मृत्यू आकस्मिक वाटला. तो तसा नव्हता. मार्च १९४४ मध्येच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रूएन यांना अध्यक्षांचा रक्तदाब १८६/१०८ आढळला होता आणि हृदय थकल्याची लक्षणेही दिसली होती. पण अध्यक्षांचे खासगी डॉक्टर रॉस मॅकिन्टायर लोकांना ‘प्रकृती ठणठणीत’ असेच सांगत राहिले. त्याच वर्षी रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती फार काही नव्हते. मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस, एवढेच. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असे मानणारे डॉक्टरही पुष्कळ होते. १९४८ मध्ये नवे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी हृदयरोग संशोधनाच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी फ्रॅमिंगहॅम गावात अभ्यास सुरू झाला. तेथील ५,२०९ लोकांच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून वाढलेला रक्तदाब हृदयविकाराला आणि पक्षाघाताला आमंत्रण देतो, हे पक्के झाले.

आज प्रभावी गोळ्या स्वस्तात मिळतात. तरीही ‘मला काही त्रास नाही’ म्हणत आपण रक्तदाब मोजत नाही. बरे वाटले की गोळी परस्पर बंद करतो. मॅकिन्टायर यांनी देशाला अंधारात ठेवले. आपण स्वतःलाच ठेवतो. रूझवेल्ट यांच्याकडे उपाय नव्हता; आपल्याकडे सबब नाही.