घरातल्या गळ्यासाठी किती यंत्रे?

शाळेत नात, हम्द, गजल सुरात म्हणणारी मुले दरवर्षी निघतात. पूर्वी त्यांची हौस स्नेहसंमेलनावर आणि मोहल्ल्यातल्या एखाद्या जलशावर भागायची. आता दहावीचा निकाल लागतो न लागतो तोच घरात यादी तयार होते : कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, स्पीकरची जोडी, भिंतीला लावायचा फोम, नवा लॅपटॉप. यादी मोबाइलवरच्या कुठल्या तरी व्हिडिओतून उतरवलेली असते. रिक्षा चालवणाऱ्या एका पालकांनी अशीच यादी आमच्यापुढे ठेवली आणि विचारले, "सर, एवढं सगळं लागतंच का? अकरावीच्या प्रवेशाला ठेवलेत तेवढेच पैसे आहेत."

लागत नाही. निम्मेही लागत नाही. पण मुलाला नुसते "नाही" म्हणून भागत नाही. काय लागते आणि का, हे अम्मी-अब्बूंनाही ठाऊक हवे.

एकट्या गाणाऱ्याचे काम सोपे आहे. ढोलक नाही, हार्मोनियम नाही, एका वेळी एकच आवाज टिपायचा. म्हणजे आठ माइक जोडता येणारी पेटी कशाला? एका माइकची सोय पुरे. मात्र साथीला वाद्य नसले की लपायलाही जागा नसते. पंखा, कुकरची शिट्टी, खोलीचा घुमारा, सगळे त्या आवाजाबरोबर येऊन बसते. त्यामुळे पहिला विचार माइकचा नव्हे, खोलीचा करावा.

आपल्या घरात फरशी, गिलावा केलेल्या भिंती, काचेच्या खिडक्या. आवाज यांच्यावर आपटून परततो आणि माइक दोन्ही टिपतो. हा घुमारा एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरला की तो काढणे फार अवघड. उलट कोरड्या आवाजाला घुमारा नंतर हवा तेवढा देता येतो. इलाज घरातच आहे : रजया, गोधड्या, गाद्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट. यातही एक खुबी आहे. लोक माइकच्या मागे फोम लावतात. पण गाण्यासाठी वापरतात ते बहुतेक माइक समोरचे जास्त ऐकतात आणि मागचे कमी. माइकसमोर असतो गाणारा आणि त्याच्या पाठीमागची भिंत. म्हणून जाड रजई गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगावी, जमल्यास दोन्ही बाजूंनाही. इंचभर जाडीचा फोम फक्त वरच्या, बारीक स्वरांचा घुमारा शोषतो. शेजारचा मिक्सर किंवा रस्त्यावरचा हॉर्न तो अडवू शकत नाही. त्याला जड भिंत आणि बंद फटी लागतात. त्यापेक्षा फज्रनंतरची शांत वेळ साधावी. पंखा पाच मिनिटे बंद राहिला तर कोणी वितळत नाही, मे महिन्यातसुद्धा.

आता माइक. कंडेन्सर जातीचा माइक नाजूक कानाचा. श्वाससुद्धा टिपतो, आणि त्याच कानाने शेजारचा टीव्हीही. बहुतेक कंडेन्सरना इंटरफेसमधून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. डायनॅमिक माइकला तो लागत नाही. तो तोंडाजवळ धरून गायचा असतो, म्हणून खोली त्यात कमी शिरते. शूर कंपनीचा एसएम 58 हा 1966 पासून चालत आलेला माइक याच जातीचा. रजया टांगायला जागा नसलेल्या, गजबजलेल्या घरात आम्ही डायनॅमिकच सुचवू. खोली शांत असेल तर कंडेन्सरमध्ये आवाजाची बारीक नक्षी जास्त खुलते, हेही खरे.

थेट यूएसबीने जोडायचा माइक घेतला तर वेगळा इंटरफेस लागत नाही. सुरुवातीला ही वाट स्वस्त पडते. पुढे फक्त माइक बदलावासा वाटला तर मात्र इंटरफेस नव्याने घ्यावा लागतो. बाजारात टाळ्या, हशा आणि इको यांची बटणे असलेली रंगीत साउंड कार्डेही मिळतात. मुलांना ती फार आवडतात. त्यांच्या नादी लागू नये. नातीला हशाचे बटण कशाला हवे?

उर्दू शिकवणारे म्हणून तलफ्फुजबद्दल थोडे बोलल्याशिवाय राहवत नाही. प, फ, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्पकन आदळतो. माइकपुढे पॉप फिल्टरची जाळी ठेवावी आणि तोंड साधारण एक वीत दूर, किंचित तिरके ठेवावे. अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून गाताना मागेपुढे डुलणे टाळायला हवे. सीन आणि शीन कानाला टोचत असतील तर माइक थोडा बाजूला वळवून पाहावे. बरेचदा तेवढ्यानेच काम होते.

हेडफोन वायरचा आणि कान पूर्ण झाकणारा घ्यावा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो, त्यावर लय सांभाळता येत नाही. स्पीकरची जोडी यादीतून खुशाल खोडावी. घरात चालू संगणक असेल तर नव्याची गरज नाही. ऑडासिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एका आवाजासाठी भरपूर आहे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर डब्ल्यूएव्ही फाइल करावी. सर्वात उंच तान घेताना काटा उणे 6 डेसिबलच्या खालीच राहील अशी पातळी बांधावी. शून्याला धडकलेला आवाज फाटतो आणि तो पूर्ववत होत नाही.

त्या पालकांना आम्ही एवढेच सुचवले की आधी काहीच घेऊ नका. मुलाने त्याच दोन ओळी घरातल्या मोबाइलवर चार ठिकाणी म्हणाव्यात : बैठकीत, स्वयंपाकघरात, कपाटासमोर आणि पाठीमागे रजई टांगून. मग डोळे मिटून चौघांनी ऐकावे. फरक ऐकू आला की खरेदीचा क्रम आपोआप ठरतो. मुलगी गाणारी असेल आणि तिला बाहेरच्या स्टुडिओत पाठवायला घर कचरत असेल, तर या रजईच्या कोपऱ्याची तिला जास्तच गरज आहे. तिची यादी मागे पडू देऊ नका.

माइक घरी आला की पहिल्याच दिवशी मिनिटभर शांतता रेकॉर्ड करून मोठ्याने ऐका. सतत सूं सूं किंवा गुरगुर येत असेल तर आधी केबल बदलून पाहा, लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. तरीही येत असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी पावतीसह दुकानात जा.