भांगाच्या दिवसांतले पाणी

कल्याण–ठाणे–मुंबई जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवलीच्या जेट्टींमागोमाग बंदिस्त मरीनांचे आराखडेही आज ना उद्या आपल्या टेबलावर येतील. खांबांवर उभी जेट्टी पाणी फारसे अडवत नाही. तीन बाजूंनी बांधलेली गोदी अडवते. तिचे पाणी किती दिवसांत बदलते, हे मॉडेलने सांगायचे असते.

समजा, गोदीची सरासरी खोली ५ मीटर आहे. उधाणाला भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक पडला, तर भरतीच्या ७ मीटर पाण्यातले ४ मीटर बाहेर जाते. त्यातले निम्मे पुढच्या भरतीबरोबर परत आले असे धरले, तर जुने पाणी १० टक्क्यांवर यायला साधारण साडेतीन दिवस लागतात. भांगाला फरक दीड मीटरवर उतरला की तेच साडेआठ दिवस होतात. तोवर भांग सरून पुढचे उधाण आलेले असते. म्हणून फक्त उधाणाच्या निरीक्षणांवर जुळवलेले मॉडेल आम्हाला मान्य नाही.

याहून गंभीर चूक मॉडेलच्या सीमेवर होते. आत येणारे पाणी स्वच्छ आहे असे गृहीत धरले जाते. कल्याणजवळ उल्हास नदीला वालधुनी मिळते, ती उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन. उन्हाळ्यात वरून येणारे गोडे पाणी अगदी कमी. अशा खाडीत भरती गोदीत सांडपाणीच आणून सोडते, आणि पाणी लवकर बदलते याचा अर्थ एवढाच की घाणही लवकर आत येते. सीमेवरचे आकडे मोजूनच घालायला हवेत, तेही मे महिन्यात. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोजा. दुपारी शेवाळामुळे तो फुगलेला दिसतो. किनारी पाण्याच्या एसडब्ल्यू-२ वर्गाची ४ मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा पहाटेच्या नमुन्याला लावून पाहा.

गाळ काढण्याचा हिशेबही बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकलेला असतो. खाडीचा काळा चिखल ढवळला की त्यातले सेंद्रिय द्रव्य पाण्यातला ऑक्सिजन खाते, बसलेले धातू वर येतात. ठाण्यापाशी उल्हासचे हे पाणी एका चिंचोळ्या फाट्याने ठाणे खाडीला भेटते आणि ती खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे. तिथल्या रोहितांचे अन्न चिखलाच्या पाटावरच वाढते. गाळ काढण्याचे वेळापत्रक मॉडेलमध्ये नसेल, तर तो अहवाल अपुरा म्हणून परत पाठवण्याचे धाडस सल्लागारांनी आणि छाननी करणाऱ्यांनी दाखवावे. मे महिन्यातल्या भांगाची पहाटेची निरीक्षणे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती आमच्याकडे पाठवावीत. ती छापायला आम्ही पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.