सॅमला हसणारे लोक

गेल्या विकेंडला आष्ट्याला घरी गेलो होतो. चुलतभाऊ मोबाईलवर 'गेम ऑफ थ्रोन्स'चा शेवटचा भाग बघत होता. मी तो २०१९ च्या मे महिन्यातच बघितलेला, तरी बसलो शेजारी. आणि आलाच तो सीन, ज्याचा मला तेव्हाही राग आला होता.

राजधानी जळून खाक झालीये. नवा राजा ठरवायला उरलेसुरले सरदार बसलेत. सॅम बिचारा चाचरत सुचवतो, की जो सगळ्यांवर राज्य करणार त्याला सगळ्यांनीच का निवडू नये? सरदार खो खो हसतात. विनोद पार कुत्र्याघोड्यांपर्यंत जातात. मग आपसांतच एक राजा ठरवून मोकळे!

भाऊपण हसला. म्हणाला, "प्रॅक्टिकल आहे रे दादा."

डोंबलाचं प्रॅक्टिकल! याच मालिकेत नाइट्स वॉचवाले आपला कमांडर मतदानाने निवडतात. जॉन तसाच निवडून आलेला, आणि त्याचं नाव पुढे केलं होतं सॅमनेच. म्हणजे चोर-दरोडेखोरांना जमतं ते सरदारांना हास्यास्पद वाटतं, आणि आपण सरदारांच्या बाजूने हसतो.

दुसऱ्या सीझनमध्ये वॅरिस एक फक्कड कोडं घालतो. त्याचं सार असं, की लोक जिथे सत्ता आहे असं मानतात तिथेच ती असते. पण लोकांनी मानायचं सोडलं तर काय होतं? तिथे लेखकांची गाडी अडते. त्यांच्यासाठी लोक म्हणजे दंगल करायला, नाहीतर ड्रॅगनच्या आगीत जळायला.

अहो, त्याचं उत्तर आमच्या वाळवा तालुक्यात मिळालंय, कुठल्याही ड्रॅगनशिवाय. १९४३ पासून जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. माणूस येडे मच्छिंद्रचा, सोबत वाळव्याचे नागनाथअण्णा, कुंडलचे जी. डी. बापू. इंग्रजांची कचेरी, पोलीस, तुरुंग सगळं जागेवर होतं. फक्त लोक आपले तंटे घेऊन कचेरीत जायचे बंद झाले आणि प्रतिसरकारच्या न्यायमंडळांकडे जायला लागले. वॅरिसचं कोडं सुटलं! (पत्री मारल्याच्या गोष्टी मीही ऐकल्यात. ते सगळं सोज्वळ होतं असं माझं म्हणणं नाही.)

राजा स्वतःहून सत्ता सोडत नाही म्हणता? शेजारच्या औंधच्या राजाने १९३९ सालीच ती सोडून गावपंचायतींच्या हाती कारभार दिला. कुंडल त्याच संस्थानातलं.

आणि आपण? ऑफिसात हिरिरीने सिंहासनाचा वारसदार कोण यावर भांडतो, आणि मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जातो. २०२४ च्या लोकसभेला पुण्यात मतदान निम्म्याच्या जेमतेम वर गेलं. "आपल्या एका मताने काय होतंय राव" हे वाक्य मी माझ्याच टीममध्ये ऐकलंय. म्हणजे मतावर हसायला सरदार लागतच नाहीत, आपणच पुरे.

भावाला हे सगळं ऐकवलं. मग त्याने विचारलं, "पण नाना पाटील पुढे राजे झाले का?"

नाही रे बाबा. १९५७ साली ते साताऱ्यातून लोकसभेला उभे राहिले. मतं मागितली, आणि निवडून आले.