चौथीत पोहोचली, पण वाचता आलं का?



१२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. मूल साक्षर होऊनच बाहेर पडावं आणि जन्मभर साक्षर राहावं, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. अध्ययन निष्पत्तींपुढे खुणा करतो, ऑनलाइन माहिती भरतो (त्यात किती तास जातात ते विचारू नका). पण माझ्या वर्गाचं उद्दिष्ट मी याच हिशेबावरून ठरवतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर चौथीत जवळजवळ सगळेच पोहोचतात. त्यातली किती मुलं अनोळखी उतारा वाचून अर्थ सांगतात? पूर्वी शाळेबाहेर पडणारं मूल आता पटावर असतं, मागच्या ओळीत गप्प बसलेलं.

मग नापास करा, असं कुणी म्हणेल. नापास केल्यावर शाळा कोण सोडतं? ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तोच. तो हंगाम संपवून परततो तेव्हा वर्ग भागाकारावर असतो आणि त्याला हातच्याच्या बेरजेपासून धरावं लागतं. यात त्याची बुद्धी कुठे कमी पडली? 'यांच्या घरात वातावरणच नाही,' हे वाक्य मी कितीदा ऐकलंय! अहो, घरात नाही म्हणूनच तर शाळा लागते.

त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतलं कोण आहे त्यावर? की नुसती सही घरी येऊन नेतात? जयंतीची कमिटी आपण नीट नेमतो, ही मात्र वाऱ्यावर सोडतो.

जूनमध्ये त्या पालकांना बैठकीला बसवाच. पोषण आहार आणि रंगरंगोटीचे विषय संपले की शिक्षकांना विचारायला सांगा, चौथीतल्या कुणाकुणाला अजून वाचता येत नाही. संध्याकाळी विहारात त्या मुलांना घेऊन कोण बसणार, किती वाजता, ते त्याच दिवशी ठरवा.