दलाल स्ट्रीटचे मतदान

२६ एप्रिल २०२४ रोजी हट्ट्याच्या शेतकऱ्याने हिंगोली लोकसभा मतदारसंघात मत टाकले आणि पाच वर्षांपुरता त्याचा हक्क संपला. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर मात्र भांडवलाचे मतदान रोजच चालते. निकालापूर्वी शेअर घेऊन ठेवा, असा सल्ला खुद्द गृहमंत्र्यांनीच दिलेला! ३ जूनला मतदानोत्तर चाचण्यांच्या भरवशावर सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला; ४ जूनला खरी मते मोजली जाताच चार हजारांहून अधिक अंशांनी कोसळला. भाजप २४० जागांवर अडला, एवढाच काय तो जनतेचा अपराध. मित्रपक्षांचा पाठिंबा पक्का होताच ७ जूनला बाजार पुन्हा उच्चांकावर.

ही खोड जुनी आहे. १७ मे २००४ रोजी डाव्यांच्या पाठिंब्याचे सरकार येणार म्हणताच याच बाजाराने ५६४ अंशांची आदळआपट केली होती.

गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाल्याचा टाहो वृत्तपत्रे फोडतात. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असता मराठवाड्यातला माल त्याखाली विकला गेला. ते नुकसान कोणत्या निर्देशांकात मोजले गेले, आणि ते तीन दिवसांत भरून निघाले काय?