उपकेंद्रातील वैद्य आणि परिचारिका : धोरण घडविणार कोण?

अलीकडे आपल्या मेळाव्यांतून एक तक्रार वारंवार कानी येते. साडेपाच वर्षे शिकून बी.ए.एम.एस. झालेला वैद्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू होतो, आणि त्याच पदावर, त्याच मानधनावर बी.एस्सी. नर्सिंग झालेली परिचारिकाही येते. ‘मग आमच्या पदवीचे मोल ते काय?’ असे तरुण वैद्य विचारतात. त्यामागील खंत आम्हांस समजते. परंतु त्यात अवमान पाहणे आम्हांस मान्य नाही. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत आपल्या पदवीधरास लाभलेली ही मोलाची जागा आहे, आणि ती हातची जाण्याचा धोका आम्हांस अधिक वाटतो.

ही जागा रिकामी का राहिली होती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली 1943 साली आरोग्य पाहणी समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1946 साली आला. त्या वेळी देशात सुमारे 6,300 लोकसंख्येमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका 43,000 लोकांमागे एक! तरीही समितीने एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा असे ठरवून अल्प मुदतीचे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करण्याची शिफारस केली. काही सदस्यांचा यास विरोध होता, तो टिकला नाही. आयुर्वेदाबाबतचा निर्णय समितीने प्रांतांवर सोपविला. पुढे 1948 साली कर्नल रामनाथ चोप्रा समितीने दोन्ही वैद्यकांच्या समन्वयाची शिफारस केली; ती बव्हंशी कागदावरच राहिली. पदवीधर डॉक्टर खेड्यात गेला नाही आणि मधला दुवा तर आधीच तोडला होता. ती पोकळी खासगी वैद्यांनी आपापल्या परीने भरून काढली. शासनाच्या हिशेबात मात्र ते नव्हते.

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने हा मधला दुवा पुन्हा मान्य केला. 2018 पासून ‘आयुष्मान भारत’ योजनेत उपकेंद्रांचे रूपांतर सुरू झाले. साधारण पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रावर सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण केलेला अधिकारी नेमण्याचे ठरले, आणि महाराष्ट्रात त्यासाठी बी.ए.एम.एस. पदवीधरांना दार उघडले. त्यानंतर परिचर्या क्षेत्राने काय केले ते पाहावे. या अधिकाऱ्यास लागणारे शिक्षण बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच अंतर्भूत झाले. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सुईणपणाच्या विशेष परिचर्येसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण आखून दिले. 2023 साली परिचर्या व प्रसूतिसाहाय्य आयोगाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच काळात आपल्या क्षेत्रातील चर्चा कशाभोवती फिरत होती? 1992 व 1999 च्या राज्य अधिसूचना, 1998 चा मुखत्यारचंद खटल्याचा निकाल, नोव्हेंबर 2020 मध्ये पदव्युत्तर शल्य-शालाक्य वैद्यांसाठी अधिसूचित झालेल्या 58 शस्त्रक्रिया. हे हक्काचे प्रश्न आवश्यकच होते. पण हक्क मागणारा धोरणाच्या दाराशी उभा राहतो. आत बसून धोरण लिहिणाऱ्याकडे दुसरेच काही असावे लागते.

ते काय, हे आपल्याच राज्यात तीन ठिकाणी दिसते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपली, 1982 साली ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अल्पशिक्षित, बहुतांशी दलित स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तर तंत्रज्ञान म्हणजे काय याची व्याख्याच बदलली. मणी सरकवून बालकाचे श्वास मोजण्याचे साधन, वजनकाटा, बाळाला उबेत ठेवणारी पिशवी! 39 गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंत 62 टक्क्यांची घट झाली. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरभेटी देऊ लागल्या. या सर्वांजवळ पदवीपेक्षा मोठी गोष्ट होती ती नोंदवही. जन्म किती, मृत्यू किती, कोणत्या दिवशी, कशाने.

आता आमच्या शिरोळकडे पाहू. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने तालुक्यातील कित्येक गावांचा संपर्क तुटला. 2005 आणि 2021 सालीही तीच आपत्ती ओढवली. निवारा शिबिरांत आरोग्यसेविका आणि आशा यांच्या खांद्याला खांदा लावून आमच्या व्यवसायबंधूंनी रुग्ण तपासले. अतिसार, ज्वर, पाण्यात राहून चिघळलेले पाय, नेहमीची औषधे वाहून गेलेले मधुमेही. तरीही किती रुग्ण, कोणते व्याधी, आयुर्वेदीय औषधाने किती सावरले, याचे एकत्रित टिपण प्रसिद्ध झालेले आमच्या पाहण्यात नाही. ते असते तर जिल्ह्याच्या पूरनियोजनात आयुर्वेदीय औषधांची मागणी करताना निवेदनावर सह्या गोळा कराव्या लागल्या नसत्या.

आणि परिचारिकेबरोबर एकाच पदावर बसण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी चरकाचा चतुष्पाद आठवावा. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याला आचार्यांनी स्वतंत्र पाद मानले आणि उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग, शौच हे चार गुण त्याच्या ठायी अपेक्षिले. ग्रंथात एवढा मान असूनही आपल्या पंचकर्म केंद्रांतील मदतनीस बहुधा शिकून आलेला नसतो, पाहून पाहून तयार झालेला असतो! विशेष परिचर्येचा अभ्यासक्रम वास्तविक पंचकर्मासाठीच आधी हवा होता. उपकेंद्रातील परिचारिकेकडून लसीकरणाची साखळी, प्रसूतिपूर्व तपासणी आणि नोंदींची शिस्त तरुण वैद्याने शिकावी; आहार, दिनचर्या आणि जीर्ण व्याधींचा अनुबंध तिला सांगावा.

साधने हाताशी आहेत. ‘ई-संजीवनी’मुळे उपकेंद्रातील रुग्णाला दूरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. ‘नमस्ते’ संकेतस्थळावर आयुर्वेदीय व्याधींचे संकेतांक उपलब्ध आहेत, आणि जानेवारी 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही त्यांना स्थान मिळाले. म्हणजे आमवात ‘आमवात’ म्हणूनच नोंदविता येतो.

प्रत्येक तालुका शाखेने येत्या पावसाळ्याआधी एकच तक्ता ठरवावा : गाव, वय, व्याधीचा संकेतांक, दिलेले कल्प, पंधरा दिवसांनंतरची स्थिती, वर पाठविले असल्यास कोठे. रुग्णाचे नाव त्यात नको. औषधालयांच्या मालकांनी प्रत्येक बिलावर कल्पाचा बॅच क्रमांक लिहावा, म्हणजे विपरीत परिणाम आढळल्यास नेमके औषध सापडेल आणि उगाच सबंध शास्त्रावर बोट ठेवले जाणार नाही. दर तिमाहीस या तक्त्यांची बेरीज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावी, आणि ती करण्यासाठी शाखेच्या बैठकीत उपकेंद्रातील परिचारिकांनाही सन्मानाने बोलवावे. त्यांच्या वह्या आपल्यापेक्षा नीट असतात.