नावेवरची सुटी : आधी थोडा हिशेब

सुटीत कुठे जायचं हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी निघतो आणि दरवर्षी खुलताबाद, हैदराबाद किंवा कुणाच्या तरी लग्नावर येऊन संपतो. यंदा मुलांनी दिवाळीच्या सुटीत नावेवर राहायचं ठरवलं आणि आम्ही नाही म्हटलं नाही. पाथर्डीसारख्या गावात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे ‘पाण्यावर राहायला चाललो’ असं सांगताना जरा संकोच होतो. शेजारच्या खालांनी तर सरळ विचारलं, “पानीच बघायचं ना? मग आपला नाथसागर काय वाईट आहे?”

नाथसागर वाईट नाही. १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं तेव्हापासून आपल्या शेवगाव-नेवाशाच्या कडेला एवढं मोठं पाणी आहे की वाऱ्याच्या दिवसांत लाटा उठतात. त्यातून निघणारा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि उजवा १३२. धाकट्याने नकाशावर ही रेघ पाहून विचारलं, की मग या कालव्यातूनच परभणीपर्यंत नावेने का जाऊ नये? प्रश्न चांगला होता, म्हणून वर्गातही घेतला. आपले कालवे पिकासाठी बांधलेले आहेत, प्रवासासाठी नाहीत. आवर्तन सुटलं की पाणी जोरात धावतं, आवर्तन संपलं की तळ उघडा पडतो. मध्ये दारं, पूल, जागोजागी उतार. काठाचं अस्तर इतकं तिरपं आणि निसरडं असतं की आत घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. कालव्यावर धुणं धुवायला जाणाऱ्या बायकांना आणि पोहायला जाणाऱ्या मुलांना हे शंभर वेळा सांगूनही कमीच आहे. नावेसाठी कालव्याचं पाणी संथ लागतं, बारमाही लागतं, आणि काठाला पायरी लागते. इंग्लंडात असे जुने कालवे आहेत. तिथे जेमतेम सात फूट रुंदीची लांबट नाव भाड्याने घेऊन कुटुंबं स्वतःच ती हाकतात. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे काठाने चालणारा माणूस सोबत करू शकेल इतकी. आपल्याला ते परवडणारं नाही, पण त्याच जातीचं पाणी आपल्या देशात आहे ते केरळात, आलप्पुळाच्या आसपास.

काश्मीरचं नाव घरात निघालं होतं. पण दल सरोवरातल्या हाउसबोटी एका जागी उभ्या असतात, फिरायला वेगळा शिकारा घ्यावा लागतो. मुलांना चालती नाव हवी होती.

आलप्पुळाचं बंदर अठराव्या शतकात त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी उभं केलं आणि आतल्या भागातला माल बंदरापर्यंत यावा म्हणून कालवे काढले. त्याच्या पूर्वेला वेंबनाड कायल. कायल म्हणजे समुद्रालगतचं खारं-गोडं सरोवर. त्याच्या कडेच्या कुट्टनाड भागात भाताची खाचरं समुद्राच्या पातळीपेक्षाही खाली आहेत. बांध घालून, पाणी उपसून तिथे शेती करतात. भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य आम्ही किती वर्षं शिकवतो, पण नाव वर आणि शेत खाली हे चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर काही केल्या उभं राहत नाही. तिथे घराच्या पुढच्या दाराशी रस्ता नसतो, पाणी असतं. मुलं बोटीने शाळेत जातात.

आज ज्यांना हाउसबोट म्हणतात त्या मूळच्या ‘केट्टुवळ्ळम’. केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे नाव. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. कुट्टनाडचं भात घेऊन त्या कोचीला जात. रस्ते झाले, ट्रक आले आणि या नावांचं काम गेलं. मग १९९०च्या सुमारास कुणीतरी त्यावर खोल्या बांधल्या, पाहुणे बसवले. नाव चालवणाऱ्याला तिथे ‘स्रांक’ म्हणतात. म्हणजे आपला ‘सारंग’च, आणि त्याचं मूळ फारसी ‘सरहंग’. उर्दूच्या तासाला सांगायला आम्हाला एक शब्द फुकटात मिळाला.

आता व्यवहाराचं. चौकशी करताना जे कळलं ते इथे देतो, कारण जाहिरातीत ते नसतं.

पहिली गोष्ट, मोठी हाउसबोट अरुंद कालव्यात शिरत नाही. ती कायलात आणि रुंद पाण्यात फिरते. फोटोत दिसणारे नारळीच्या सावलीतले, दोन्ही हातांनी काठ गाठता येईल असे कालवे पाहायचे असतील तर शिकारा किंवा लहान देशी होडी वेगळी घ्यावी लागते. दुसरी गोष्ट, दुपारी बाराच्या सुमारास नावेवर घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उतरवतात. तिसरी, संध्याकाळी साडेपाच-सहाला नाव काठाला बांधतात, कारण रात्रीचं पाणी मासेमारांच्या जाळ्यांचं. म्हणजे एकवीस तासांचे पैसे आणि प्रत्यक्ष फिरणं पाच-सहा तास. चौथी, वातानुकूलन बरेच जण फक्त रात्री नऊनंतर चालू करतात. हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर दुपारी वादावादी ठरलेली.

दोन खोल्यांच्या नावेला, जेवणासकट, आम्हाला फोनवर बारा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत भाव सांगितले गेले. पाच माणसांचं रेल्वेभाडं, दोन दिवस काठावरच्या घरगुती मुक्कामाचे पैसे आणि शिकारा धरला, तर मास्तरकीच्या पगारातून दोन महिने काटकसर केल्याशिवाय जमणार नाही. त्यामुळे नावेवर एकच रात्र. बाकी फिरणं सरकारी बोटीने. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याच्या बोटी म्हणजे तिथली एसटी. आलप्पुळाहून कोट्टायमला जाणारी बोट सुमारे अडीच तास कालव्यांतून आणि कायलातून जाते, आणि तिकीट आपल्या एसटीसारखंच स्वस्त. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर ज्यांना हाउसबोट परवडत नाही त्यांनी हळहळू नये. ही बोट तीच वाट दाखवते, वर बाजाराला निघालेली माणसंही भेटतात.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून साठच दिवस आधी उघडतं. मुंबईहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट आलप्पुळाला जाते. आम्ही नगर-पुणे करून पनवेलला ती धरणार. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं. अम्मींच्या वयाला पूर्वी मिळणारी ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद आहे. दोन्ही गोष्टी हिशेबात धरा. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह. म्हणून आम्ही शिकारा सकाळचा ठरवला आहे.

हे सगळं सोपं. अवघड आहे ते वेगळंच. आमच्या घरात कुणालाही पोहता येत नाही.

आमच्या लहानपणी मुलगे पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. मुलींना तेही नव्हतं. आता विहिरींना तेवढं पाणी नाही. वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आहेत. दरसाल कृष्णाकाठी जाऊन येणारी ही लेकरं नदीबद्दल आमच्यापेक्षा जास्त जाणतात. त्यांच्यातल्या एकाने सल्ला दिला, “पाणी शांत दिसलं की जास्त भ्यायचं.”

भीती उगीच नाही. २१ मे २०२४ला उजनीच्या पाण्यात, कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते आपल्यासारखेच, रोजच्या कामाला निघालेले लोक होते. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट बुडून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. ती बातमी वाचल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही. आणि केरळातच, ७ मे २०२३च्या संध्याकाळी मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला मासेमारीच्या बोटीची पर्यटक बोट केलेली, तीत माणसं कोंबली होती, ती उलटली. बावीस बळी. त्यांत एकाच कुटुंबातले अकरा. सुटीतच बाहेर पडलेलं, आपल्यासारखंच घर.

या घटनांत पुन्हा पुन्हा त्याच गोष्टी दिसतात. जास्त माणसं, जॅकेट नाही, हवा बिघडलेली किंवा अंधार पडत आलेला. यातली एकही आपल्याला न दिसणारी नाही. म्हणून आम्ही नावाड्याला विचारायच्या गोष्टी वहीत लिहून घेतल्या. नावेच्या अंगावर ‘केआयव्ही’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, किती माणसांची परवानगी आहे, आणि लहान मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का. मोठ्याचं जॅकेट लहानाला घालणं निरुपयोगी. बांधून झाल्यावर खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलून पाहा. जॅकेट हनुवटीच्या किंवा कानांच्या वर सरकलं तर पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. चालत्या नावेवर जॅकेट अंगातच राहील, फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही, हे मुलांकडून आताच कबूल करून घेतलं आहे. थोरली कुरकुरली. कुरकुरू दे.

जेवणाचं विचाराल, तर नावेवर स्वतःचा स्वयंपाकी असतो, त्यामुळे आपलं सांगणं सोपं जातं. हलाल कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी कळवायचं, नाहीतर मासे आहेतच. केळीच्या पानात भाजलेला करीमीन तिथला मानाचा. नाव पूर्ण आपल्या कुटुंबापुरती घेतली की परक्यांची वर्दळ नाही, बायकांना मोकळेपणाने बसता येतं. वाटून घेतलेली नाव स्वस्त पडते, पण सोबतीला कोण असेल आणि काय पीत बसेल ते आपल्या हातात नाही.

नमाजची चिंता अम्मींना होती. मगरिब, इशा आणि फजर तर बांधलेल्या नावेवरच होतील. चालत्या नावेचा मसला त्यांनी आपल्या मौलानांना विचारून घेतला आहे, वाचकांनीही आपापल्या आलिमांना विचारावा. किब्ल्याबाबत मात्र भूगोलाच्या मास्तरांचं ऐका. पाथर्डीहून मक्का पश्चिमेच्या दहाएक अंश उत्तरेला आहे. आलप्पुळा बरंच दक्षिणेला असल्यामुळे तिथून ती पश्चिमेच्या सुमारे तेवीस अंश उत्तरेला येते. घरच्या अंदाजाने उभं राहू नये, होकायंत्र बघावं.

अम्मी येणार की नाही हे परवापर्यंत ठरत नव्हतं. गुडघे दुखतात आणि आयुष्यात कधी होडीत बसलेल्या नाहीत. थोरलीला कळलं की रात्री नाव काठालाच बांधून ठेवतात, तेव्हा तिचा चेहरा पडला. “मग लॉजमध्ये झोपल्यासारखंच की!” म्हणाली. अम्मी भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

“रातको बांधतेच क्या नाव को?”

“हाँ दादी, रस्सीने.”

“तो फिर मैं आती. सुबह चलाने लगे तो बीच में बिठाना मेरेको.”

आता पाच तिकिटं काढायची आहेत. साठ दिवसांचा हिशेब करून तारखेवर खूण केली आहे, आणि अम्मींसाठी खालचा बर्थ मागायचा आहे. नावेवाल्याला अजून एक फोन बाकी आहे. काठावरून नावेवर चढायला फळी आहे की पायरी, आणि धरायला कठडा आहे का, ते विचारायचं राहिलं आहे.